बोंब बँडचा तुरा

चंदूने तिसऱ्यांदा "अरेच्चा" म्हटलं, तेव्हा हृतिकला विचारावंच लागलं.

"काय झालं?"

"काय नाय. डावीकडं मशिन जरा जास्त फिरलं." चंदू दोन पावलं मागे सरून, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ आहे की नाही हे बघावं तसं हृतिकच्या डोक्याकडे बघू लागला. "आता उजवीकडं थोडं घेतो. म्हंजे बरोबर होईल."

"मगाशी पण तेच म्हणालात."

"मगाशी उजवीकडं जास्त गेलं होतं म्हणून डावीकडं घेतलं. तू हलतोस रे."

हृतिक हलत नव्हता, थरथरत होता. महाडच्या बाजारपेठेतल्या या सलूनमध्ये तो सकाळी नऊ वाजता कपाळापासून मानेपर्यंत चार बोटं रुंद तुरा ठेवून बाकी सगळं साफ करायला आला होता. फोनवरचा फोटो त्याने चंदूला दाखवला होता. "कोंबड्यासारखा ना? हातचा मळ हाय," असं चंदू म्हणाला होता. सव्वानऊला तुरा तीन बोटांवर आला, साडेनऊला दोन बोटांवर. पावणेदहाला डोक्यावर गवारीच्या शेंगेएवढी एक रेघ उरली आणि तीही मध्यावर नव्हती.

"खरं सांगू?" चंदूने मशिन खाली ठेवलं. "आता सगळंच काढू. गरमीचे दिवस येतायत, डोक्याला बरं वाटेल."

हृतिकने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आरशात एक गुळगुळीत नारळ त्याच्याकडे बघत होता.

त्याने टकलाचा फोटो काढून बँडच्या ग्रुपवर टाकला. 'बोंब' बँडमध्ये तिघं जण होते, हृतिक, श्रुतिका आणि रितेश. तिघंही महाडच्या एका कॉलेजात बारावीला. गेल्या वर्षी एका मोकळ्या तासाला श्रुतिकाने आपल्या इअरफोनचं एक टोक हृतिकच्या कानात घातलं आणि तिथून सगळं सुरू झालं. गाणं तीन मिनिटांचंसुद्धा नव्हतं. गाणारा माणूस गात नव्हता, भांडत होता. "ह्याला पंक म्हणतात. चांगलं गाता नाय आलं तरी चालतं. खरं बोलता आलं पाहिजे," असं श्रुतिका म्हणाली होती. हृतिक हजेरीला "हजर" इतकं हळू म्हणायचा, की वर्षभरात अकरा वेळा त्याची गैरहजेरी लागली होती. त्या दिवसापासून त्याला कळलं की आपल्या पोटात एक भलामोठा आवाज आहे आणि तो बाहेर काढायला फक्त तीन सूर पुरतात.

श्रुतिकाच्या मामाची पोलादपूरला भाताची गिरणी होती. गिरणीचा पट्टा सुरू असला की आतलं काही बाहेर ऐकू येत नसे, म्हणून तिघं तिथेच वाजवत. हृतिक गिटार घेऊन गायचा, श्रुतिका ढोल-ताशे जोडून केलेला ड्रम बडवायची. रितेशच्या वडिलांचं पोलादपूरच्या हायवेवर पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या गिऱ्हाइकाने टाकून दिलेला स्पीकर त्याने जिवंत केला होता. त्यांनी स्वतःचं एक गाणंही केलं होतं, 'मला नाय व्हायचं'. त्यात श्रुतिका आणि रितेश एकेक धंदा ओरडत, "फौजी? क्लार्क? ऑपरेटर?" आणि हृतिक प्रत्येक वेळी नरडं फाडून म्हणे, "नाय व्हायचं!"

सोमवारी स्नेहसंमेलन होतं. पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवायचं होतं. "आपण तिघं दिसायला आरती मंडळ वाटतो," असं श्रुतिका म्हणाली, तेव्हा शपथ झाली. शनिवारी सकाळी नऊला चंदूकडे तिघांनी तुरे ठेवायचे.

नऊला पोचला तो एकटा हृतिक. रितेशचा मेसेज आला होता. 'सॉरी भावा, पप्पा दुकानावर बसवून गेले.' श्रुतिकाचा तर काहीच नाही. हृतिकला वाटलं होतं, या दोघांसाठी आपण कड्यावरनं उडी मारू. मारली खरी, पण ते दोघं वरतीच उभे होते. त्याने ग्रुप सोडला, टोपी घातली आणि पोलादपूर गाठून आंबेकोंडाकडे जाणाऱ्या मिनीडोर रिक्षात बसला.

आता एकच चिंता होती. आईला काय सांगायचं?

घाटाच्या पहिल्याच वळणावर वाऱ्याने टोपी उडाली आणि दरीत गेली. समोर आंबेकोंडचेच भिकूकाका पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांची नजर हृतिकच्या डोक्यावर गेली आणि तिथेच थिजली.

"अरे देवा," भिकूकाका हळूच म्हणाले. "कधी रे?"

"आता सकाळी. नऊ वाजता."

"कुठं?"

"महाडात."

"मुंबैत नाय?"

"मुंबईला जायला वेळ कुठे होता काका."

भिकूकाकांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "असं अचानक?"

"अचानकच. ठरवलं होतं वेगळंच. पण एकदा बिघडलं ते बिघडत गेलं. शेवटी तो म्हणाला, आता काय उपयोग नाय."

"डॉक्टर असंच म्हणतात रे," भिकूकाका पुटपुटले. रिक्षाच्या आवाजात ते हृतिकला ऐकू गेलं नाही. "मग बाकीचं सगळं तिथंच उरकलंस? घरी नाय आणायचं?"

"घरी काय आणायचं? त्याने तिथंच झाडून टाकलं."

भिकूकाका मागे सरकले. "झाडून? अरे, निदान सावित्री नदीत तरी..."

"सावित्रीत कशाला?" हृतिकला वाटलं, म्हातारा माणूस, जुन्या समजुती असतील. हृतिकला धास्ती होती ती आईची. "काका, एक करा. आईला सांगू नका. तिला अजून काय ठाऊक नाय. मीच सांगीन हळूहळू."

भिकूकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हृतिकच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाडी येईपर्यंत काढला नाही. उतरताना एवढंच म्हणाले, "शाना हायस. वयाच्या मानानं लय शाना हायस."

हृतिकला बरं वाटलं. गावात पंक समजणारं एक तरी माणूस निघालं.

घरी त्याची आई सारिका परसात वाल सोलत होती. आजोबा रावजी सकाळीच वालाच्या शेतावर माकडं हाकायला गेले होते. दिवस मावळल्याशिवाय ते यायचे नाहीत. हृतिकने खुंटीवरची त्यांची लोकरीची कानटोपी ओढली आणि माळ्यावर चढला.

"काय रे, कॉलेज लवकर सुटलं?" आई ओरडली.

"डोकं दुखतंय."

"जेवून घे मग."

"नको."

खोटं नव्हतं ते. दुपारच्या पत्र्याखाली लोकरीची टोपी घालून पडल्यावर डोकं खरंच दुखू लागलं. सोमवारपर्यंत माळ्यावर राहता येईल का, याचा तो विचार करत असतानाच खाली पहिली हाक आली.

शेजारची तुळसाकाकी आली होती. तिच्या हातात पिठलं-भाकरीचं ताट होतं.

"हे कशाला गो?" आईने विचारलं.

"असंच. आज तू रांधू नको."

"अगं पण माझा भात झालाय."

"झालाय?" तुळसाकाकीने ताट खाली ठेवलं. "झाकून ठेव. बस माझ्याजवळ."

पाठोपाठ आणखी बाया आल्या. कुणी वरण आणलं, कुणी भाकऱ्या. सगळ्या भिंतीला टेकून बसल्या. माळ्याच्या फटीतून हृतिकला दिसत होतं, सगळ्यांच्या नजरा आईच्या मंगळसूत्रावर जात होत्या आणि चटका बसल्यासारख्या परत फिरत होत्या. बाहेर अंगणात पुरुष जमू लागले. ते उकिडवे बसले आणि जमिनीवर काड्यांनी रेघा मारू लागले.

"चहा ठेवते सगळ्यांना," आई उठली.

"चूल नको पेटवूस गो!" चार बाया एकदम ओरडल्या.

आई खाली बसली. ती घाबरली नव्हती, गोंधळली होती. "हळदीकुंकू हाय काय कुणाचं? मला कोण बोललं नाय."

हळदीकुंकू हा शब्द ऐकल्याबरोबर तुळसाकाकीचा बांध फुटला. ती आईच्या गळ्यात पडली. "सारिका, कसं सांगू गो! तुझा मंगेश!"

"काय झालं त्यांना?"

"गेला गो!"

माळ्यावर हृतिक ताडकन उठून बसला आणि त्याचं डोकं वाशाला आपटलं. बाबा? बाबा मुंबईत भांडुपला एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होते. शिमग्याला आणि गणपतीला यायचे. त्यांना काय झालं?

आई हसलीच. "गप गो. परवा तर बोलले माझ्याशी. कोण म्हणतं?"

"भिकूभावजी. अगं, तुझ्या पोरानं केस काढलेत! महाडात सगळं उरकून आलाय बिचारा. तुला धक्का बसेल म्हणून सांगत नाय."

आई शिडी चढून वर आली तेव्हा हृतिकने टोपी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तिने एका हिसड्यात ओढली. खाली एकच हंबरडा फुटला.

"हृतिक," आईचा चेहरा पांढरा पडला होता. "हे काय?"

हृतिकला ओरडून सांगायचं होतं. पण घरात त्याचा आवाज नेहमीसारखाच नरड्यात अडकला. "बँड," तो पुटपुटला. "बँडसाठी केलं."

"काय म्हणतो?" खालून विचारणा झाली.

"बँड म्हणतो."

"बाप गेला आणि पोरगं बँड लावा म्हणतंय? डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या."

"काकी, बाबांना काय झालेलं नाय!" हृतिक शिडीवरून उतरत म्हणाला. "मी भिकूकाकांना केसांचं सांगत होतो. तुरा ठेवायचा होता. पंक असतं ते."

"पंचर?" अंगणातल्या एकाने कान पुढे केला. "गाडी पंचर झाली होती? अ‍ॅक्सिडेंट काय रे?"

"गाडी नाय! पंक! पंक!"

"पंचर झाली आणि गाडी गेली दरीत," भिकूकाकांनी डोळे पुसत बाकीच्यांना समजावलं. "पोरगा सगळं एकदम नाय सांगू शकत. हळूहळू बोलतोय."

आईने दोन्ही बाजू ऐकल्या. मग तिने हृतिकचा दंड धरला. "खरं काय ते आत्ता कळेल. बाबांना फोन लाव."

आंबेकोंडात रेंज यायची ती फक्त देवळापलीकडच्या वळणावर. हृतिक पुढे, आई मागे, तिच्यामागे बाया आणि त्यांच्यामागे पुरुष, अशी सगळी वाडी वळणावर आली. हृतिकने नंबर लावला. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. बाबा कधी असं करत नसत. कढईत हात असला तरी फोन खांद्यावर धरून बोलायचे.

आपण काय केलं ते हृतिकला पक्कं ठाऊक होतं. चंदू, गवारीची शेंग, सगळं डोळ्यांसमोर होतं. तरी पन्नास माणसं इतक्या खात्रीने रडायला लागली, की आपल्याच आठवणीवरचा विश्वास उडू लागतो. भिकूकाकांना आणखी कुठून काही कळलं असेल तर? आपले केस आणि ती बातमी एकाच दिवशी आली असेल तर?

मग त्याला बाबांशी झालेलं शेवटचं बोलणं आठवलं. "बारावीनंतर काय ठरवलंस?" असं त्यांनी विचारलं होतं. तो "बघू" म्हणाला होता. बाबा पुढे काहीतरी सांगायला गेले, तर हा म्हणाला होता, "ठेवतो." जन्मभर लक्षात राहील असा एकच शब्द होता आणि तो 'ठेवतो' होता.

सहाव्यांदा फोन उचलला गेला. मागे भांड्यांचा खणखणाट ऐकू आला.

"बाबा?"

"कोण बोलतंय?" अनोळखी आवाज होता.

"मी हृतिक. मंगेशचा मुलगा. बाबा कुठे आहेत?"

"मंगेशचा पोरगा?" पलीकडचा माणूस एकदम मऊ झाला. "अरे पोरा. मंगेश गेला रे..."

आणि रेंज गेली.

हृतिकच्या हातातला फोन कानाला तसाच राहिला. आईने विचारलं, "काय म्हणतात?" त्याला तोंड उघडता येईना. तीन सूर, मोठा आवाज, नरडं फाडणं, सगळं कुठल्या कुठे गेलं. आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती मटकन रस्त्यातच बसली.

बायांनी तिला धरून घरी आणलं. हृतिक ओट्याच्या टोकाला जाऊन बसला. त्याला रडू येत नव्हतं. त्याला सारखं वाटत होतं, केस आधी कापले आणि बाबा नंतर गेले. म्हणजे हे आपणच ओढवून घेतलं.

तेवढ्यात स्कूटर आली. पुढे रितेश आणि मागे श्रुतिका. श्रुतिकाने उजव्या बाजूचे केस कात्रीने अगदी कानाच्या वरपर्यंत कापले होते. उंदरांनी कुरतडल्यासारखे दिसत होते. रितेशने हेल्मेट काढलं आणि अंगणात पुन्हा हंबरडा फुटला.

रितेशचंही टक्कल होतं.

"ह्याचा पण?" कुणीतरी म्हणालं.

"दोघांचे बापूस एकाच गाडीत असणार," भिकूकाका म्हणाले. "म्हणून पंचर, पंचर म्हणत होता पोरगा. ह्याच्या बापसाचं पंचरचं दुकान नाय काय!"

रितेशला यातलं काही कळत नव्हतं. तो सरळ हृतिकसमोर येऊन उभा राहिला. "ग्रुप कशाला सोडलास? फोटो बघितला आणि दुकान टाकून गेलो सलूनमध्ये. म्हटलं तू एकटा टकला कसा दिसशील."

"आणि मला हत्यार घरीच मिळालं," श्रुतिका कात्रीसारखी बोटं हलवत म्हणाली. "आईनं दार लावून घेतलं होतं, पण कात्री आतच होती." मग तिने अंगणाकडे पाहिलं. "एवढी माणसं? काय झालं?"

"बाबा गेले," हृतिक म्हणाला.

तो ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. मग त्याला रडू आलं. रितेश एका बाजूला बसला, श्रुतिका दुसऱ्या बाजूला. तिघांचे खांदे एकमेकांना टेकले. गिरणीत वाजवताना जागा कमी असायची, तेव्हा ते असेच टेकून बसायचे. सकाळचा राग कुठे गेला ते हृतिकला कळलंही नाही.

साडेसहाच्या सुमाराला वाडीखालच्या वळणावर मिनीडोर थांबली. त्यातून एक माणूस उतरला आणि धावत चढण चढू लागला. डोक्यावर केसाचं नाव नव्हतं. त्याला जवळ येताना पाहून आधी तुळसाकाकीने डोळे चोळले, मग तिने किंकाळी फोडली. दोन म्हातारे उठून देवळाच्या दिशेने सरकले.

मंगेश अंगणात आला. जमलेली वाडी आणि भिंतीला टेकलेली बायको बघितली आणि त्याने मोठ्याने टाहो फोडला. "माझ्यासाठी थांबायचं तरी होतंत रे! तोंड तरी बघितलं असतं!"

कुणी हललं नाही. मेलेला माणूस रडत असताना काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मंगेश तसाच हृतिककडे आला आणि त्याचं टक्कल छातीशी धरून म्हणाला, "पोरा, माझं काम तू केलंस. माझ्या जागी उभा राहिलास."

"बाबा?" हृतिकने त्याचा हात चाचपून बघितला. हात गरम होता आणि त्याला कांद्याचा वास येत होता. "तुम्ही जिवंत आहात?"

"म्हंजे?"

"तुमच्या कँटीनमध्ये फोन उचलला. म्हणाले, मंगेश गेला."

"गावाला गेला! फोन चार्जिंगला राहिला तिथंच. कंपनीतल्या आपल्या वाडीच्या श्रीपतनं येऊन सांगितलं, भिकूचा फोन आलावता, तुझ्या घरात गेलं, पोरानं केस काढले. बाकीचं तुटत होतं म्हणे." मंगेशने नाक पुसलं. "तू केस काढलेस म्हंजे बाबाच गेले. मी नाय मिळालो म्हणून अग्नी तू दिलास. मी पोलादपूरला उतरलो आणि पहिल्यांदा केस काढले. लेकानं काढायच्या आधी नातवानं काढले, लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात मागच्या बाजूने रावजी आले. डोक्यावर वालाच्या वेलांचा भारा, हातात गोफण. अंगणात उभी वाडी, मुलाचं टक्कल, नातवाचं टक्कल, एका परक्या पोराचं टक्कल आणि एका पोरीचं अर्धं डोकं, असं सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं. मग भारा खाली टाकला.

"कोण गेलं?"

मंगेशने वडिलांना पाहिलं आणि तो वासरासारखा आ करून उभा राहिला. रावजींनी पुन्हा सगळ्यांचे चेहरे वाचले. हळूहळू त्यांना हिशेब लागला.

"म्हंजे मी?"

त्यानंतर आईला जे बळ आलं, ते पाहून हृतिकला वाटलं, शोकात होती तीच बरी होती. ती हातात लाटणं घेऊन तीन वेळा घराभोवती फिरली आणि तिन्ही वेळा हृतिक तिच्यापुढे दहा पावलं होता. मग ती नवऱ्याच्या टकलाकडे बघून रडली, मग हसली. शेवटी रावजीच म्हणाले, "माझ्या नावानं एवढं पिठलं-भाकरी आलीय, तर मला वाढा तरी. सकाळपासून माकडांच्या मागं हाय मी." भिकूकाका घरी निघाले होते. त्यांना बोलावून रावजींनी आपल्या शेजारी बसवलं आणि जेवण होईपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. भिकूकाकांना अर्धी भाकरी संपवायला पाऊण तास लागला.

श्रीपतने मुंबईला कंपनीत सांगून मंगेशला तेरा दिवसांची रजा मिळवून दिली होती. टक्कल घेऊन लगेच कामावर जाऊन काय सांगणार, म्हणून तो राहिला. सोमवारी तो, सारिका आणि रावजी स्नेहसंमेलनाला महाडला आले आणि सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. हृतिकने नको नको म्हटलं होतं. गाण्यातलं 'नाय व्हायचं' ऐकून बाबा काय म्हणतील, ही त्याला चिंता होती.

पडद्यामागे गिटार लावत असताना रितेश धापा टाकत आला. "लोचा झालाय. भिकूकाकांनी शनिवारीच आपल्या कॉलेजच्या ऑफिसात फोन करून कळवलंय. मी बाईंना सांगायला गेलो, पण त्या..."

पडदा उघडला. माईकपाशी पर्यवेक्षक बाई उभ्या होत्या.

"आता सादर होणार आहे 'बोंब' हा वाद्यवृंद," त्या जड आवाजात म्हणाल्या. "यातल्या दोन विद्यार्थ्यांवर परवाच पितृवियोगाचा आघात झाला आहे. तरीही ते आज इथे उभे आहेत. कार्यक्रमाआधी आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं श्रद्धांजली वाहू या."

सहाशे खुर्च्या सरकल्या. सहाशे माना खाली गेल्या. हृतिक गळ्यात गिटार अडकवून, टक्कल चमकवत तसाच उभा राहिला. तोंड उघडावं की नाही, कळेना. शेवटच्या रांगेत आई काहीतरी सांगायला पुढे सरसावली होती, तिला रावजींनी खुणेनं थांबवलं. आणि बाबा हात जोडून, मान खाली घालून, डोळे मिटून उभे होते. इतक्या मनापासून, की हृतिकला क्षणभर पुन्हा भीती वाटली.

दोन मिनिटं संपली. कुणी खोकलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं हृतिककडे कान लावून उभी होती. श्रुतिकाने काठ्या एकमेकींवर आपटल्या, एक, दोन, तीन, चार, आणि तो ओरडला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या हातातला पेला खाली पडला.

घरी जाताना मिनीडोरमध्ये हृतिकने धीर करून विचारलं, "कसं वाटलं?"

"शब्द काय कळले नाय," मंगेश म्हणाला. "पण तुला राग हाय एवढं कळलं. माझ्यावर हाय काय?"

"थोडा."

"मग पुढच्या वेळी फोन ठेवू नको. माझ्याशी भांड." त्याने टकलावरून हात फिरवला. "बाकी ते दोन मिनिटं उभं राहण्याचं बेस होतं. बाजूच्या बाई रडत होत्या. मला विचारलं, 'कोण होते हो ते तुमचे?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" मंगेश खिडकीबाहेर बघत म्हणाला. "म्हटलं, जवळचेच."